कंसातला मजकूर

३ जून

प्रिय दादा,

फोनवर यायचं नाही, दारात आले तर भेटायचं नाही, आणि कुणी माझं नाव काढलं की भिंतीकडे तोंड करून पडून राहायचं. बरं बाबा. वहिनीला मात्र माझी दया आली. म्हणाली, "तू पत्र लिही, मी वाचून दाखवते. ऐकायचं की कानात बोळे घालायचे, ते त्यांचं ते बघतील." तुझ्या अटीही तिने कळवल्या. डोळ्यांचा विषय नाही, काठीचा विषय नाही, आणि "काहीतरी करत राहा" असला उपदेश तर मुळीच नाही. मग उरलं काय? माझं विद्यापीठाचं ग्रंथालय. तू जन्मभर छापखान्यात बसून पुस्तकांची प्रूफं तपासलीस आणि मी तीच पुस्तकं लोकांच्या हातात दिली. तेवढं तरी आपल्यात बोलण्यासारखं राहिलं असेल.

तर ऐक. आमच्याकडे सध्या सुधारणांचा धडाका चालू आहे. नवे ग्रंथपाल साहेब आलेत, त्यांना एखादी वस्तू जुन्या जागी दिसली की बेचैन व्हायला होतं. आल्या आल्या त्यांनी ग्रंथालयातल्या सगळ्या खुर्च्यांच्या पायांना रबरी टोप्या बसवल्या. खुर्ची सरकताना दात शिवशिवायचे ना, तो प्रकार संपला. आता इतकी शांतता असते की जेवणाच्या सुट्टीआधी सगळ्यांच्या पोटातले कावळे ऐकू येतात. मग दाराबाहेर पुस्तकं परत टाकायला पेटी आली. पहिल्याच आठवड्यात तिच्यात पुस्तकांबरोबर एक जेवणाचा डबा निघाला, स्वच्छ घासलेला. मालक अजून सापडला नाही, डबा माझ्या टेबलावर आहे आणि मी त्यात पिना ठेवते. आणि पुस्तक आपलं आपण नोंदवायचं यंत्रही आलंय. इतिहासाचे निवृत्त सर त्याच्यापुढे पुस्तक ठेवतात, पावती बाहेर आली की अदबीने "आभारी आहे" म्हणतात, आणि मग हळूच माझ्याकडे येऊन विचारतात, "नोंद झाली असेल ना हो नक्की?"

मला काउंटरवरून उठवून 'वाचक सेवा' नावाच्या खोलीत बसवलंय. म्हणजे ज्याला ज्याला तक्रार असेल त्याने माझं डोकं खायचं.

(वहिनी, हे कंसातलं फक्त तुझ्यासाठी. मोठ्याने वाचू नकोस, गुपचूप नजर फिरव आणि पुढे जा. तो जेवतो का गं नीट? अजून सगळ्यांना "जरा अंधुक दिसतं" असंच सांगतो का? डॉक्टरांनी स्पष्ट सांगून झालं, काचबिंदूने दोन्ही डोळे गेले, आता काही उरलेलं नाही, आणि हा आपला अंधुकला चिकटून बसलाय. मी आणलेली पांढरी काठी त्याने सगळ्यांदेखत अंगणात भिरकावली त्याचं मला काही वाटत नाही. काठी आणली ते बरोबरच केलं, उद्या पुन्हा आणीन. पण त्या दिवसापासून तो खोलीबाहेर येईना, हे मला सहन होत नाही. माझा दादा त्या खोलीतच संपेल अशी भीती वाटते मला.)

वहिनीला सांग, माझं अक्षर समजलं नाही तर मनाचं काही घुसडू नकोस.

तुझा,
भोंगा


२४ जून

प्रिय दादा,

मागचं पत्र तू ऐकलंस म्हणे. "हं" म्हणालास म्हणे. तुझ्या तोंडून "हं" म्हणजे दुसऱ्याचं अख्खं भाषण.

आज कानकोठीबद्दल सांगते. पाटीवर 'श्राव्य वाचन कक्ष' असं भारदस्त नाव आहे, पण आम्ही सगळे कानकोठीच म्हणतो. पूर्वी जिथे फाटकी मासिकं बांधायला ठेवायचे ती कोपऱ्यातली खोली. भिंतींना आतून जाड कापड लावलंय, मध्ये काच, काचेपलीकडे ध्वनिमुद्रणाची कोठडी. एक यंत्र पुस्तकाच्या पानांची चित्रं काढतं, संगणक त्यातली अक्षरं ओळखतो आणि वाचून दाखवतो. आता तू म्हणशील, हा डोळ्यांचा विषय आला. नाही. हा यंत्राचा विषय आहे, मी अट मोडलेली नाही.

यंत्राची तऱ्हा ऐक. वकिलीचं शिकणारी एक मुलगी येते, सगळे तिला वकीलबाई म्हणतात. जन्मापासून आंधळी आणि जिभेने माझ्याहून तिखट. परवा ती करारांवरचं पुस्तक ऐकत होती. यंत्र म्हणालं, "नुकसानभरपाई मागण्याचा हक्क सत्तेचाळीस प्रकरण तिसरे करार आणि त्यांचे परिणाम त्याच व्यक्तीला असतो." प्रत्येक पानाच्या डोक्यावरचं प्रकरणाचं नाव आणि पानाचा आकडा ते बिनदिक्कत वाक्याच्या पोटात घुसवतं. तळटीप आली की तीही तिथेच. वाक्य संपलं तरी थांबत नाही. वकीलबाई म्हणाली, "मॅडम, याला दम लागत नाही, पण मला लागतो हो."

मला आपलं घर आठवलं. तू प्रूफं घरी आणायचास आणि मी शाळेतून आले की मला समोर बसवायचास. मूळ मजकूर मी मोठ्याने वाचायचा आणि तू प्रुफावर पेन्सिल फिरवायची. नुसते शब्द वाचून भागायचं नाही. "स्वल्पविराम. अवतरण सुरू. अवतरण पूर्ण. कंस सुरू. कंस पूर्ण. पूर्णविराम. नवा परिच्छेद." शेजारपाजारचे म्हणायचे, या घरात कसली भांडणं चालतात कळत नाही. भोंगा हे नाव मला तेव्हाच पडलं, आणि नशीब बघ, भोंग्याला नोकरी लागली ती ग्रंथालयात.

(वहिनी, कंस सुरू. खरी गोष्ट अशी आहे की कानकोठी बंद पडायच्या मार्गावर आहे. निम्मी मुलं यायची थांबली. साहेब वाईट नाहीत, पण ते म्हणाले, सप्टेंबरपर्यंत वापर वाढला नाही तर खोली दुसऱ्या कामाला द्यावी लागेल. पानं नीट करून घ्यायला हवीत, कुठे थांबायचं, टीप कुठे घ्यायची, तक्ता कसा वाचायचा, सगळं कुणीतरी ऐकून ठरवायला हवं. आम्ही बसलो की गं ऐकायला! मी बसले, दोन सहकारी बसले. पण आमचे डोळे पानावर असतात. कानाने चूक ऐकली तरी डोळा गुपचूप दुरुस्त करून घेतो आणि आम्ही म्हणतो, ठीक आहे की. या कामाला नुसता कान हवा, आणि तोही प्रूफं तपासलेला. असा एकच माणूस मला माहीत आहे, आणि त्याच्यापुढे त्याबद्दल ब्र काढायची मला चोरी. कंस पूर्ण.)

बाकी ठीक. डब्याचा मालक अजून आलेला नाही.

तुझा,
भोंगा


१५ जुलै

प्रिय दादा,

वहिनी म्हणते, माझं अक्षर म्हणजे मुंग्यांचा मोर्चा, इथून पुढे टाइप करून पाठव. शिवाय मागची दोन्ही पत्रंही टाइप करून हवीत. कमाल आहे! पत्रं इतकी आवडली असतील तर तसं सांगावं ना. तर तिन्ही एकदम पाठवते आहे, संगणकावर. आणि वहिनीच्या नावाने आमच्याकडची वाचून दाखवणारी प्रणालीही पाठवते. ही आमची नवी सेवा आहे, सभासदाला घरी वापरायला मिळते. वहिनीला मी सभासद करून टाकलंय, फोटोसकट. भाजी चिरता चिरता तिला एखादं पुस्तक ऐकता येईल, तेवढाच बाईला विरंगुळा. यंत्र कसं वाचतं हे मागे लिहिलंच आहे, तेव्हा फार अपेक्षा ठेवू नये.

ग्रंथालयाची बातमी अशी की पुस्तक परत करायच्या आदल्या दिवशी वाचकांना फोनवर आठवण जायला लागली. इतिहासाच्या सरांनी तिला उत्तर पाठवलं, "क्षमस्व, दोन प्रकरणं राहिली आहेत, कृपया समजून घ्यावे." मी ती विनंती छापून साहेबांपुढे ठेवली. साहेब गंभीरपणे म्हणाले, मुदत वाढवा.

(वहिनी, टाइप केलं तरी कंसाचा नियम तोच. हे तूच वाच. तू दवाखान्यातली नोकरी सोडलीस, बोलली नाहीस कुणाला. त्याला तुझा चेहरा दिसत नाही, मला दिसतो. मागच्या महिन्यात बाजारात भेटलीस तेव्हा दहा वेळा घड्याळ बघितलंस, घरी तो एकटा आहे म्हणून. तू त्याचा डोळा झालीस ते ठीक आहे, पण डोळ्यालाही कधी मिटावंसं वाटतं. आणि एक सांगते. काठी फेकताना तो ओरडला होता ना, "मला तुझी दया नको." दया कसली डोंबलाची! मला त्याचा राग येतो. माझ्याकडे ढीगभर काम पडलंय, पोरं हात हलवत परत जातात, आणि ते काम सगळ्यात चांगलं करणारा माणूस खोलीत दार लावून बसलाय. त्याच्यावर उपकार करायला नाही बोलावत मी त्याला. मला तो हवाय. माझं त्याच्यावाचून अडलंय. आणि दुसरं काही काम नसतं तरी मला तो हवा होता, कारण मला दुसरा दादा नाही. हे त्याला सांगायची सोय नाही म्हणून तुला सांगते.)

प्रकृतीची काळजी घे.

तुझा,
भोंगा


९ ऑगस्ट

दादा,

तुझं पाकीट मिळालं. वहिनीचं अक्षर पाहून निवांत चहा घेत उघडलं. पहिल्या ओळी वाचल्या आणि चहा सगळा पदरावर.

तू वहिनीकडून लिहून घेतलेलं ते टिपण मी पुन्हा इथे उतरवते, म्हणजे तुलाही कळेल की माणसाला अशी पत्रं पाठवत नाहीत:

"तिन्ही पत्रे यंत्रावर ऐकली. विरामचिन्हे वाचण्याची सोय सुरू करून ऐकली, त्याशिवाय मजकूर तपासता येत नाही. निरीक्षणे पुढीलप्रमाणे. यंत्र पूर्णविरामाला पुरेसे थांबत नाही. 'पाठवते' आणि 'आहे' यांत विनाकारण अंतर घेते. तारीख नीट वाचते. कंस सुरू झाल्यावर वाचू नये अशी सूचना मजकुरातच होती, परंतु यंत्राने ती मानली नाही. मी छापलेला एकही शब्द न वाचता पुढे गेलेलो नाही, त्यामुळे मीही मानली नाही. सर्वसाधारण सूचना: इतका महत्त्वाचा मजकूर कंसात ठेवू नये. मुख्य मजकुरात घ्यावा."

खाली सही. म्हणजे सही कसली, एक तिरकी रेघ, कागदाबाहेर गेलेली. पण तुझ्या हातची.

मी आधी वहिनीला फोन लावला आणि मनसोक्त भांडले. ती शांतपणे म्हणाली, "मी काय करू? मी दुकानात गेले होते. आले तर हे संगणकापुढे बसलेले." म्हटलं, त्याला चालू करता कसं आलं? तर म्हणे, "सुरू करायच्या कळीवर मी शर्टाचं बटण चिकटवून ठेवलं होतं." म्हटलं, ते का म्हणून? तर ही बाई म्हणते, "मलाच सापडावं म्हणून." दादा, जिला दोन्ही डोळ्यांनी लख्ख दिसतं तिला कळ सापडत नव्हती! आणि पत्रं टाइप करून मागवली कुणी, हे मी विचारलं नाही. माझी बायकांवरची श्रद्धा उडाली असती.

तर आता सगळं ऐकलंच आहेस. राग, भीती, अडलंय, सगळं. लाज वाटली मला, खोटं कशाला बोलू. दिवसभर तक्रारी घेऊन आलेल्यांवर डाफरत होते. संध्याकाळी मात्र तुझं टिपण घेऊन कानकोठीत गेले आणि वकीलबाईला वाचून दाखवलं, फक्त यंत्राबद्दलचा भाग. ती म्हणाली, "हे कोण आहेत? यांना ऐकू येतं!"

मी तुला या म्हणत नाही. तूही मला काही विचारलेलं नाहीस. नुसतं सहज कळवते, की २ सप्टेंबरला, मंगळवारी, मी दिवसभर रजेवर आहे. दाढ काढायची आहे. कानकोठी दहाला उघडते.

भोंगा


३ सप्टेंबर

प्रिय दादा,

तू सांगितलंस की महत्त्वाचा मजकूर कंसात ठेवू नये. म्हणून हे मुख्य मजकुरातच सांगते, मग तू चिडलास तरी चालेल. माझी दाढ निघाली नाही. दाताचा डॉक्टर स्वतःच आजारी पडला. काल मी ग्रंथालयातच होते. कानकोठीच्या काचेपलीकडे, ध्वनिमुद्रणाच्या कोठडीत, कानाला हेडफोन लावून बसले होते. तुला दिसत नाही याचा मी आयुष्यात पहिल्यांदा फायदा घेतला.

तू आलास तेव्हा मी पाण्याची बाटली भरायला उठले होते. बाहेर कडक ऊन, आणि तुझ्या हातात ती जुनी लांब काळी छत्री! पायरी आली की छत्रीचं टोक पुढे, खांब आला की छत्री आडवी. वहिनी दोन पावलं मागे, हात न धरता. काउंटरवर तू विचारलंस, "वाचक सेवेच्या बाई आहेत का?" आमच्या माणसाला मी सकाळीच बजावलेलं, कुणी विचारलं तर रजेवर आहे सांग, तो म्हणाला, "नाहीत." तुझे खांदे खाली आले ते मी पाहिलं. इतकी मी नकोशी असावी, असं वाटून हसू आलं, आणि मग हसूही येईना.

वहिनीला तू दारातच म्हणालास, "तू जा. संध्याकाळी ये." ती घुटमळली. तू पुन्हा म्हणालास, "जा गं." वहिनी बाहेर गेली आणि माझ्या कोठडीच्या खिडकीसमोरच्या बाकावर बसून राहिली, डोळे मिटून, उन्हात. अर्धा तास तरी ती तिथून हलली नाही.

आत शिरल्या शिरल्या तू खुर्चीला धडकलास. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, लागलं का. तू म्हणालास, "इथल्या खुर्च्यांचा आवाज का येत नाही? माणूस कुठे बसलाय, उठला की नाही, कळायचं कसं?" आणि वकीलबाई टेबलावर हात मारून म्हणाली, "काका, मी कधीची सांगतेय! सगळे म्हणतात, शांतता आहे." दादा, ती हे मलाच सांगत होती. मी हसण्यावारी नेत होते. आज सकाळी त्या खोलीतल्या सगळ्या रबरी टोप्या मी स्वतः उपसून काढल्या. साहेबांना कळवलंय, सुधारणा म्हणून.

मग तुम्ही करारांचं पुस्तक लावलंत. तू डोळे मिटून बसलास, अगदी तसाच, पेन्सिल हातात नसूनही बोटं तशीच धरलेली. "थांबव. हे पानाचं डोकं आहे, काढ. पुढे. ही टीप. वाक्य पुरं होऊ दे, मग 'टीप' म्हणू दे, मग वाचू दे. पुढे." आमचा माणूस बाजूला बसून एकेक दुरुस्ती करत होता. अधूनमधून तू यंत्रावर खेकसत होतास, "अरे, श्वास घे की!" पोरं हसत होती. एका मुलाने यायचं सोडलं होतं, तोही कुठून तरी कळून आला आणि दाराशी उभा राहिला.

जेवणाच्या सुट्टीत वकीलबाईने विचारलं, "काका, तुम्हाला किती दिसतं हो?"

मी हेडफोन कानावर घट्ट दाबले. मला वाटलं, आता येणार ते अंधुक. खोलीतलं कापड आवाज गिळतं, पण तुझा श्वास मला ऐकू येत होता. मग तू म्हणालास,

"काहीच नाही. काहीच दिसत नाही मला."

ती म्हणाली, "मलापण नाही." जणू दोघं एकाच गावचे निघालात. आणि तू म्हणालास, "चल, पुढचं पान लाव."

मी काचेपलीकडे तोंडावर ओढणी दाबून बसले होते, नाहीतर भोंगा वाजला असता आणि सगळ्यांना कळलं असतं.

निघताना तू दाराशी छत्री चाचपत होतास. वकीलबाई म्हणाली, "काका, छत्रीची तार वाकेल अशाने. खुंटीवर एक काठी आहे बघा, कुणाचीच नाही, कधीची नुसती लटकतेय." तू ती घेतलीस. मुठीवरून अंगठा फिरवलास. तिथे एक टवका उडालाय, अंगणातल्या दगडावर आपटली तेव्हाचा. तू विचारलंस, "ही इथे कुणी ठेवली?"

"मॅडमनी."

"कुठल्या मॅडमनी?"

"त्या मोठ्याने बोलतात ना, त्या."

आणि तू हसलास. त्या अंगणातल्या दिवसानंतर पहिल्यांदा तुझं हसणं माझ्या कानावर पडलं, आणि ते ध्वनिमुद्रणात नोंदलंही गेलंय. साहेबांनी कितीही सांगितलं तरी मी ते पुसणार नाही.

मला बाहेर यायचं होतं. हाक मारायची होती. पण तू मला टाळून आला होतास, आणि तुला तसं यायचा हक्क होता, म्हणून बसून राहिले. तू छत्री खुंटीवर अडकवलीस आणि काठी टेकत बाहेर गेलास, वहिनीच्या बाकापर्यंत, एकटा.

तुला हवं असेल तर मी दर मंगळवारी रजेवर असते. काचेपलीकडे. नको असेल तर तसं सांग, मग मी समोर येऊन बसते आणि मूळ मजकूर मोठ्याने वाचते, स्वल्पविरामासकट.

हे पत्र मी घाईत टाइप केलंय, चुका खूप असतील. मंगळवारी येऊन काढ.

तुझा,
भोंगा